साल न दिसणारं नाणं

माझ्या मामाला आम्ही भाचरं 'भोकमामा' म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं. नाणी जमवणारे पुष्कळ असतात. मामाला मात्र नाणी लागायची ती आफ्रिकेतलीच, तीही तिथं परक्यांचं राज्य होतं त्या काळातली, आणि त्यातही मधोमध गोल भोक असलेलं दिसलं की हा माणूस जागचा हलायचा नाही. एकदा एका शिंप्याच्या दुकानात कापड बेतायच्या टेबलाच्या पायाला वॉशर म्हणून बसवलेलं पाच सेंटचं नाणं त्याला दिसलं. मामा टेबलाखाली आडवा झाला, पान्यानं नट सोडवला, खिशातून नवाकोरा वॉशर काढून तिथं बसवला आणि नाणं रुमालात गुंडाळून घरी आला. "खिशात वॉशर कसा होता हो तुमच्या?" मामीनं विचारलं. "मागच्या महिन्यातच बघून ठेवलं होतं," मामा म्हणाला. मामीनं कपाळाला हात लावला.

मामा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. पुढं काउंटरवर मालक बसायचा आणि गिऱ्हाइकांना आरशासमोर फ्रेमी चढवून "साहेब, एकदम वेगळेच दिसता" म्हणायचा. मामा मागच्या खोलीत. त्या खोलीत एक खिडकी, एक दिवा आणि काच घासायचं चाक. चाकावर वरच्या डब्यातून पाण्याची बारीक धार सतत गळत असे. काच चाकावर धरून तो फ्रेमच्या मापाची करायचा, आणि संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या बाह्यांवर आणि भुवयांवर पांढरट गाळ वाळलेला असायचा. समोरच्या भिंतीवर त्यानं काळी फुली काढून ठेवली होती. तयार काच डोळ्यांसमोर धरून हलवायची आणि त्यातून फुली कशी सरकते ते बघायचं, एवढ्यावर त्याला काचेचा नंबर कळायचा. पुढं नंबर मोजायचं यंत्र आलं. मामा यंत्र वापरायचा, पण शेवटचा शब्द फुलीचा.

दिवसभर घासकाम करणारा हा माणूस घरी मात्र नाण्याला कुणी नुसतं फडकं लावलं तरी अंगावर धावून यायचा. "नाणं घासायचं नाही!" हा आमच्या लहानपणचा पहिला कायदा. "ताटं घासा, दात घासा, नाण्याला हात लावाल तर याद राखा. त्याच्यावरचा मळसुद्धा त्याच्या आयुष्याचा आहे." मामीचं म्हणणं वेगळं होतं. "घरात नवे पडदे नाहीत आणि मेलेल्या राजांना एकेकाला स्वतंत्र पाकीट," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही मुलं त्याच्या टेबलाभोवती जमायचो. दुकानातलं एक जुनं भिंग तो डोळ्याला लावायला द्यायचा. ते सगळ्यांना एकदम हवं असायचं आणि त्यावरून आमची जुंपायची. कांगोतलं सहा कोपऱ्यांचं पितळी नाणं, त्यावरचा हत्ती. पहिल्या महायुद्धात वेढ्यात सापडलेल्या जर्मनांनी ताबोरा नावाच्या गावाजवळ रेल्वेच्या कारखान्यात ठोकून काढलेलं ओबडधोबड पितळी नाणं. हे त्याच्या फार लाडाचं होतं. टाकसाळीतल्या सायबानं केलेलं नाही, कारखान्यातल्या कामगारानं केलेलं आहे, असं तो सांगायचा तेव्हा त्याचा आवाज जरा चढायचा. मग पूर्व आफ्रिकेची भोकाची नाणी निघायची. एक सेंट लहान, पाच सेंट मध्यम, दहा सेंट चांगलं मोठं, तिन्ही ब्राँझची. नाण्याच्या एका अंगाला भोकाच्या वर मुकुट, दुसऱ्या अंगाला हस्तिदंताचे दोन वाकडे सुळे आणि खाली साल.

"सुळे कुणाचे? तिथल्या हत्तींचे. मुकुट कुणाचा? लांबच्या राजाचा. आता सांगा, कोण कुणाचं काय घेऊन गेलं?" एवढासा इतिहास, पण मला शाळेतल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा तो जास्त कळला.

त्याची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र एका दहा सेंटच्या नाण्याची. साल एकोणीसशे छत्तीस. त्या वर्षी इंग्लंडच्या गादीवर बसलेला राजा वर्ष पुरं व्हायच्या आत पायउतार झाला. त्याच्या स्वतःच्या देशात त्याच्या चेहऱ्याची नाणी चलनात यायचीच राहिली. आफ्रिकेतल्या या भोकाच्या नाण्यांवर चेहरा लागतच नव्हता, नुसतं नाव पुरे, म्हणून ती निघाली. "चेहरा राहिला, नाव पोचलं," मामा म्हणायचा. नाणं मुळीच दुर्मीळ नव्हतं, ढिगानं मिळायचं, हेही तोच सांगायचा. पण आल्यागेल्याला अल्बम दाखवताना तिसरं पान आलं की हे आख्यान ठरलेलं.

"आणि भोक कशाला?" आमच्यापैकी कुणीतरी विचारायचंच.

"ओवायला! दोरीत ओवून न्यायला सोपं जावं म्हणून, असं म्हणतात."

यावर तो स्वतःच हसायचा, आणि हसून माळेची गोष्ट सांगायचा. ती आमच्या घरातली पेटंट विनोदी गोष्ट होती.

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सुतार. माझी आई सहा वर्षांची आणि मामा अजून आजीच्या पोटात असताना ते बोटीनं पूर्व आफ्रिकेला रेल्वेच्या कारखान्यात डबे बांधायच्या कामाला गेले. तिथून सातेक वर्षं त्यांची पत्रं येत राहिली. प्रत्येक पत्राच्या कागदाला आतून दोन टाके घालून एक भोकाचं नाणं शिवलेलं असायचं. आजी ती नाणी जाड दोऱ्यात ओवून ठेवायची. मग पत्रं थांबली. माणूसही आला नाही. काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मामानं वडिलांना कधी पाहिलं नाही आणि वडिलांनी मामाला.

मामा बावीस वर्षांचा झाला, दुकानात लागला, पहिल्या पगारात त्यानं नाण्यांचा अल्बम आणला. तेव्हा आजीनं आपणहून ती माळ त्याच्या हातात ठेवली. मामानं काय केलं? कात्री घेतली, दोरा कापला, नाणी सालाप्रमाणे लावली आणि अल्बमच्या पहिल्या तीन पानांत झोकात बसवून तिलाच दाखवायला नेली. आजीनं पानं उलटली. म्हणाली, "छान झालंय रे." आणि थोड्या वेळानं, "दोरा कुठाय?"

"आता बोला!" मामा मांडीवर थाप मारायचा. "मी एवढी सालं लावली, टाकसाळी शोधल्या, आणि हिला दोऱ्याची काळजी! म्हटलं, आई, कुजका होता, दिला टाकून. तर नुसतं 'हं' म्हणाली." आम्ही खो खो हसायचो. माझी आई तिथं असली तर उठून चहा ठेवायला जायची. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा चहा मिळणार एवढंच कळायचं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना मामानं अल्बमची साफसफाई काढली. दुहेरी झालेली, वाकलेली नाणी तो आम्हा मुलांना वाटून टाकायचा, आणि आमच्या घरात ती बटणांसारखी कुठंही लोळत असायची. त्या दिवशी माझ्या वाट्याला दहा सेंटचं एक आलं. एका बाजूनं अगदी सपाट. "याला साल नाही," मामा म्हणाला. "साल नाही तर माझ्याकडं याला पान नाही. नापास झालंय बिचारं. तूही गणितात नापास, जमेल तुमचं." मी रडायच्या बेतात होते, पण नाणं हाताला इतकं गुळगुळीत लागलं की रडायची विसरले. ते मी जपलं. आधी दप्तराला, मग सायकलच्या किल्लीला, आणि लग्नानंतर माझ्या कपाटाच्या किल्लीला दोऱ्यानं बांधून टाकलं.

मामाच्या हसण्याखाली एक सल होता, आणि तो फक्त एकदाच त्याच्या तोंडून माझ्या कानावर आला. वडिलांचं एकच पत्र घरात टिकलं होतं, बाकीची ओल लागून गेली. मुलगा झाल्याचं कळवल्यावर आलेलं ते पत्र. त्यात लिहिलं होतं, 'मुलाची बातमी कळली. तब्येत सांभाळणे.' पुढं बोटीच्या तारखा आणि कुणाकुणाला निरोप. मामी एकदा चिडून म्हणाली, वडिलांच्या नाण्यांपायी जन्म घातलात. तेव्हा मामा म्हणाला, "बातमी कळली, एवढंच म्हणाला तो माणूस. हवामानाची कळते तशी." आणि भिंग पुसत बसला.

वर्षं गेली. आम्ही पांगलो. आजी गेली, दुकानाचा मालक गेला, त्याच्या मुलानं सगळं यंत्रांवर आणलं आणि मामाला निरोपाचा हार घातला. तोवर आई माझ्याकडं राहायला आली होती आणि तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. आईचे सगळे चष्मे जन्मभर मामानं केलेले. तो दरवेळी जुनी काच काढायचा, नवी घासायचा, आणि ती फुलीवर पारखूनच तिच्या नाकावर चढवायचा. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा गेलाय, मधली नजर परत येणार नाही, कडेकडेचं तेवढं दिसेल. मामाला पटेना. त्यानं जुन्या दुकानात बसून चार काचा करून आणल्या. आई एकेक लावून बघायची आणि काढून ठेवायची.

"राहू दे रे," चौथ्या खेपेला ती म्हणाली. "तुझ्या नाण्यासारखं झालंय माझं. मधलं गायब."

मामा हसला नाही. आईच हसली. मग तिच्या तोंडून गेलं, "वाचणं गेलं, शिवणं गेलं. आता ती माळ असती तर बोटांनी वाचत बसले असते."

"माळ काय वाचायची असते?" मामानं विचारलं.

आईनं चहाचा विषय काढला. आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं असावं. पण मामा पिच्छा सोडणारा नव्हता, आणि आई थकली होती. तिनं सांगितलं.

आजीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की खालच्या औषधांच्या दुकानात जायचं आणि दुकानदारानं ते काउंटरवर, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या चार लोकांसमोर, खणखणीत आवाजात वाचून दाखवायचं. आजोबांना ते माहीत होतं. बायकोला काय लिहिणार? म्हणून जायच्या आधीच दोघांनी ठरवून ठेवलं होतं. एक सेंटचं लहान नाणं आलं तर ठीक आहे. पाच सेंटचं आलं तर बरं नव्हतं, आता बरा आहे. आणि दहा सेंटचं मोठं आलं तर घरी यावंसं वाटतंय. पत्र सगळ्यांचं होतं, नाणं तिचं एकटीचं. म्हणून ती आलेल्या क्रमानंच ओवायची. दुपारी कामं आटोपली की माळ घेऊन बसायची आणि एकेक नाणं चाचपत पुढं जायची. कधी लेकीला मांडीवर घेऊन तिलाही वाचायला लावायची.

"मग मी कापली तेव्हा बोलली का नाही?" मामाचा आवाज मला ओळखू आला नाही. "तू का नाही बोललीस, ताई?"

"तिनं शपथ घातली होती मला. म्हणाली, पोरगं हौसेनं करतंय, आता सांगून त्याला कशाला जाळायचं."

मामा उठला आणि चपला न घालता जिना उतरायला लागला. मी चपला घेऊन मागं धावले.

त्याला काय लागलं होतं ते मला रस्त्यातच कळलं. "त्या 'बातमी कळली'च्या पत्राबरोबर कुठलं नाणं आलं होतं, हे हिला आठवत नाही म्हणते," तो सारखा म्हणत होता. "सहा-सात वर्षांची होती, कसं आठवेल? माळ वाचली तर लागेल म्हणते. माळ!" नाण्यावरचं साल म्हणजे नाणं पाडल्याचं साल, ते घरी आल्याचं नव्हे, हे आम्हाला शिकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या वडिलांची नाणी सालाप्रमाणे लावून ठेवली होती. दुसऱ्या कुणी ती डब्यात टाकून दिली असती तर एक वेळ चाललं असतं. त्यानं ती व्यवस्थित लावली होती, हाच घोटाळा होता.

पुढचे सव्वा दोन महिने तो खिडकीपाशी बसला. सकाळी ऊन यायचं तेव्हापासून उजेड असेपर्यंत. पांढऱ्या कापडावर नाणी, डोळ्याला भिंग. मी शनिवारी जायची. त्यानं मला दाखवलं. घट्ट ओवलेली नाणी वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिली होती. मोठ्यावर लहान बसलं असेल तर लहानाखालचा भाग उजळ राहिला होता आणि बाहेरची कड काळवंडली होती. कुठं हिरवा डाग धरला असेल, तर शेजारच्या नाण्यावर बरोबर समोरासमोर त्याचा जोडीदार होता. डागाला डाग जुळला की ती दोन नाणी शेजारची. एखाद्या दिवशी एकच जोडी लागायची, एखाद्या दिवशी कालची लागलेली मोडायची.

"घासली असती तर संपलं होतं," तो एकदा म्हणाला. पहिल्यांदाच टोमणा न मारता मामी चहा ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाड दोरा आणला, मेण लावलेला.

माळ घेऊन मामा आमच्याकडं आला तो दुपारी, जेवणं झाल्यावर. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईच्या मांडीवर माळ ठेवली आणि समोर स्टुलावर बसला, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसा. आईनं एक गाठ शोधली, तिथून अंगठा आणि बोट पुढं सरकवलं.

"लहान. ठीक आहे," ती म्हणाली. "लहान. ठीक आहे. मधलं. बरं नव्हतं, आता बरा आहे." तिचा आवाज हळूहळू बारीक, मुलीसारखा होत चालला होता. चौथ्या नाण्याशी तिचं बोट थांबलं. ती पुन्हा मागं गेली, पुन्हा पहिल्यापासून मोजून आली. "सुरुवातीला दोन ठीक, एक बरं नव्हतं, आणि मग..." ती म्हणाली. "हो रे. आता आठवतं. आई बाळंतीण होती. दुकानात मला पाठवलं होतं, माझ्याच हातानं आणलं मी ते पत्र. नाणं बघितल्यावर तिनं तुला उचललं आणि तुझ्या कपाळाला लावलं. बघ, हात दे इकडं."

तिनं मामाचा अंगठा धरून चौथ्या नाण्यावर टेकवला. मोठं होतं. दहा सेंट. मी वाकून पाहिलं. एकोणीसशे छत्तीसचं, त्या वर्षभरही न टिकलेल्या राजाचं. ज्याची गोष्ट मामा जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आला होता, तेच.

मामा रडला. लपवलं वगैरे नाही, लहान मुलासारखा मोठ्यानं रडला. आईनं त्याला रडू दिलं आणि अंगठा धरून ठेवला. मग ती पुढं वाचत गेली. ठीक आहे, ठीक आहे, बरं नव्हतं, ठीक आहे. मध्ये पंधरावं मोठं. सव्विसाव्यानंतर तिच्या बोटाला गाठ लागली. ती गाठीच्या पलीकडं चाचपायला लागली.

"शेवटचं कुठाय?"

मामानं खिशातलं भिंग काढून पुसायला घेतलं.

"सत्तावीस होती. शेवटचं मोठं होतं, त्याच्यानंतर पत्र नाही. आईचा अंगठा सारखा त्याच्यावरच असायचा, सुळे पार झिजून गेले होते."

"मला कळलं होतं, ताई," मामा खालमानेनं म्हणाला. "सव्विसाव्याची बाहेरची बाजू उजळ आहे, म्हणजे त्याच्यापुढं कुणीतरी होतं. होतं एक. त्याच्यावर साल दिसत नव्हतं. साल नाही म्हणून मी... कुणाला दिलं, कुठं टाकलं, दोन महिने आठवतोय. नाही आठवत."

मी आत गेले, कपाटाची किल्ली काढली आणि दातानं दोरा तोडला. नाणं मामाच्या तळहातावर ठेवलं. "नापास झालं होतं," मी म्हटलं.

त्यानं भिंग लावलं. न झिजलेली बाजू सव्विसाव्याला भिडवली, थोडी फिरवली, आणि थांबला. मग गाठ सोडवली आणि नाणं आईच्या हातात दिलं. तिनं ते स्वतः चाचपत ओवलं, गाठ मारली, आणि तिचा अंगठा आपोआप त्या सपाट जागेवर जाऊन बसला.

"घरी यावंसं वाटतंय," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि स्टूल तिच्या जवळ ओढलं.

"ताई," तो म्हणाला, "पहिल्यापासून परत वाच."